तेवीस बाळंतिणी

पत्र आलं त्या दिवशी महिपतराव शिगवणांनी पहिलं काम काय केलं, तर ओटीवरच्या भिंतीवरचं कॅलेंडर काढून ठेवलं. खिळा तेवढा राहू दिला. जिल्ह्यातला उत्कृष्ट आरोग्य सेवक निवडायचा होता, त्यासाठी तीन नावं पुढे गेली होती आणि त्यांतलं एक महिपतरावांचं होतं. बक्षीस घेतानाचा फोटो लावायला घरात तेवढीच एक बरी भिंत होती. मैनावहिनी म्हणाल्या की बक्षीस अजून मिळालेलं नाही, आणि तोवर आज तिथी कुठली ते काय खिळ्याला विचारायचं? पण महिपतरावांच्या कानात ते शिरलं नाही. पुढच्या जूनमध्ये ते निवृत्त होणार होते. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांना स्टेजवर एकदाच बोलावलं होतं, तेही माईकची वायर सैल झाली होती म्हणून ती धरून उभं राहायला. आता नाही तर कधीच नाही, असा हा मामला होता.

माणूस लायक नव्हता असं मात्र कोणी म्हणू नये. रत्नागिरीहून भाट्याकडे जाताना माडवाडी लागते, तिथल्या साडेतीनशे घरांत डास होऊ द्यायचे नाहीत हे महिपतरावांचं काम, आणि ते त्यांनी फार मनाला लावून घेतलं होतं. कोणाकडे गेले आणि पाण्याचा पेला पुढे आला तर आधी खिशातला टॉर्च काढून पाण्यात मारणार, अळी नाही अशी खात्री करणार, मग पिणार. साखरपुड्याला गेले तर नवऱ्यामुलाच्या आधी मांडवामागची पिंपं बघून येणार. रिकामी करवंटी दिसली की टाचेखाली फोडणार. वाडीतल्या प्रत्येक मोकळ्या भिंतीवर त्यांनी स्वतःच्या हाताने लाल रंगात लिहिलं होतं, 'दर शनिवारी कोरडा दिवस पाळा. साठलेले पाणी ओता, भांडे घासा, मगच भरा.' लोक वाचायचे, मान डोलवायचे आणि शनिवारी बाजाराला जायचे.

या कामात त्यांनी शेजारी दुखावला नसता तरच नवल. शेजारी म्हणजे गुरुप्रसादभाऊ रांबाडे, एसटीतले निवृत्त वाहतूक नियंत्रक. गणपतीत त्यांच्याकडे मुंबईचे अकरा पाहुणे उतरले होते. माडवाडीत नळ एक दिवसाआड, म्हणून भाऊंनी मोठं निळं पिंप काठोकाठ भरून ठेवलं होतं. आरतीच्या आधी महिपतराव प्रसादाला म्हणून गेले, पिंपात टॉर्च मारला, दोन अळ्या वळवळताना दिसल्या आणि अकराही पाहुण्यांच्या देखत ते पिंप त्यांनी आडवं केलं. वर नोटीस लिहिली, ती मोठ्याने वाचून दाखवली आणि दारावर चिकटवली. पाहुण्यांना आंघोळीला विहिरीवर जावं लागलं. तेव्हापासून भाऊंनी शिगवणांच्या घरी पाऊल टाकलं नव्हतं. त्यांचा बोका तेवढा यायचा. त्याचं नाव सायेब, आणि त्याला असल्या गोष्टींशी काही देणंघेणं नव्हतं.

पत्रात एक अट होती. समिती पंधरा दिवसांनी गुरुवारी येणार आणि कार्यक्षेत्राबरोबर सेवकाचं राहतं घरही बघणार. ही बातमी कळल्यावर भाऊ त्याच संध्याकाळी अभिनंदन करायला आले. बसले, चहा प्याले, समितीत कोण, किती वाजता येणार, सगळं विचारून घेतलं. जाताना पडवीत थबकले आणि तिथल्या एका झाडावर वाकून म्हणाले, "महिपत, ह्यांच्या पोटात काय रे?"

महिपतरावांनी सवयीने टॉर्च मारला. पानांच्या मधोमध पेलाभर पाणी होतं. दुसऱ्यात पाहिलं, तिसऱ्यात पाहिलं. पडवीत तेवीस झाडं होती आणि तेवीसही झाडांत पाणी होतं.

"लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण," भाऊ म्हणाले. "पण छे. इथे तर पाषाणपण कोरडा नाय." आणि गुणगुणत घरी गेले.

आता ही झाडं आली कुठून ते सांगायला हवं. मैनावहिनींचा भाऊ निलेश अंधेरीला एका कंपनीत आहे. ही कंपनी मोठमोठ्या ऑफिसांत शोभेची झाडं भाड्याने ठेवते. त्यांतलंच हे ब्रोमेलियाड, अननसाच्या भावकीतलं. पट्ट्यासारखी कडक पानं, मध्ये पेल्यासारखी खोल जागा आणि त्यातून वर आलेला गुलाबी नाहीतर लालभडक तुरा. तुरा महिनोन्महिने टिकतो, म्हणून ऑफिसवाले खूश. पण झाडाची रीत अशी की ते जन्मात एकदाच फुलतं. तुरा सुकायला लागला की बुंध्याशी पिल्लं फुटतात आणि आई हळूहळू वाळत जाते. कंपनीला पिल्लांशी काय करायचंय, ती तुरा सुकलेली झाडं फेकून देते. निलेशच्या जिवाला ते लागलं. तीन वर्षांपूर्वी त्याने बहिणीला फोन केला, "ताई, पोटुशी आहेत गो. टाकवत नाहीत." मैनावहिनी म्हणाल्या, "मग घेऊन ये की. बाळंतपणाला माहेरी नाहीतर कुठे जातील?"

तो पोत्यात घालून चार घेऊन आला. चारांच्या आता तेवीस झाल्या होत्या, आणि त्यांतल्या नऊजणी लेकुरवाळ्या होत्या. मैनावहिनींनी त्यांचं सगळं बाळंतपण रीतसर केलं. मातीत नाही लावलं. नारळाचं सोडण बारीक चिरून त्यात जांभ्याची खडी आणि कोळसा घातला. ऊन थेट लागू दिलं नाही. पाणी विहिरीचंच, आणि तेही मुळाला नाही, पोटात. पिल्लू आईच्या निम्मं झालं की मगच सुरीने वेगळं करायचं आणि कापल्या जागी राख लावायची. येणारीजाणारी माणसं विचारायची, ह्याला अननस कधी लागणार? मैनावहिनी सगळ्यांना सांगायच्या की पुढच्या वर्षी. समजावत बसायला त्यांना वेळ नव्हता.

तीन वर्षं ही झाडं पडवीत वाढत होती आणि महिपतरावांना त्यांचा पत्ता नव्हता. त्यांच्या तपासणीच्या कागदावर पिंप होतं, हौद होता, टायर, करवंटी, फ्रिजमागचा ट्रे, कुंडीखालची ताटली, सगळं होतं; झाडाचं पोट नव्हतं. आणि कागदावर जे नाही ते त्यांना दिसत नसे. एका मोठ्या झाडावर तर ते रेनकोट वाळत घालायचे.

त्या संध्याकाळी त्यांनी मैनावहिनींना हुकूम सोडला की समिती येऊन जाईपर्यंत ही सगळी झाडं कोरडी ठेवायची.

"पंधरा दिवस?" मैनावहिनी म्हणाल्या. "बाळंतिणींना पंधरा दिवस तहानलेलं ठेवू? तुमच्या आईने मला असं ठेवलं असतं तर?"

"अगो, पण त्यात अळी झाली तर माझं काय?"

"त्या पाण्याचं मी बघते. तुम्ही तुमचं गाव बघा."

"तू काय बघणार? एकतीस वर्षं मी बघतोय," महिपतराव म्हणाले, आणि इथेच सगळं फिसकटलं. त्या बाईला 'काय बघतेस' एवढं विचारलं असतं तरी ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती. पण विचारलं तर नवरा कसला.

पहिला उपाय मच्छरदाणीचा झाला. महिपतरावांनी जुनी मच्छरदाणी फाडून तेवीस तुकडे केले आणि रबर लावून तेवीस झाडांच्या डोक्यावर बांधले. पडवीत जणू सामुदायिक विवाह लागलाय असं दिसायला लागलं. दुपारपर्यंत पानं मुडपली, तेव्हा मैनावहिनींनी एकेकीचा पदर सोडला आणि त्याच तुकड्यांनी खिडक्या पुसल्या. दुसरा उपाय गटाराचा. गटारात डास होऊ नयेत म्हणून जळकं ऑइल टाकतात, तसे दोन-दोन थेंब पोटात टाकावेत या विचाराने ते ऑइलचा डबा घेऊन पडवीत शिरले आणि मागे वळून बघतात तर मैनावहिनी उभ्या. त्या दिवशी बुधवार होता, तरी ताटात बांगडा आला नाही. ऑइलचा डबा महिपतरावांनी जेवण झाल्यावर आपण होऊन परत नेला.

मग त्यांनी झाडं चार दिवसांपुरती वाडीत ठेवायला द्यायचं ठरवलं. सात घरं फिरले. सातही घरांनी त्यांना बसवलं, चहा दिला आणि त्यांच्याच आवाजात सांगितलं की आमच्याकडे नको, त्यात पाणी साठतं, डास होतात. एका आजीने तर शनिवारी कोरडा दिवस पाळायचा असतो हेही समजावून दिलं. महिपतराव हताश होऊन घरी निघाले, आणि वळणावरच्या भिंतीवर त्यांना त्यांचंच अक्षर दिसलं. 'जे पाणी ओतता येत नाही, त्यात गप्पी मासे सोडा.'

ते तिथे पाच मिनिटं उभे राहिले. गप्पी मासा डासाची अळी खातो हे त्यांनी एकतीस वर्षांत कोणाकोणाला सांगितलं नव्हतं! विहिरीत सोडले, हौदांत सोडले. झाडात सोडू नयेत असं कुठल्याही परिपत्रकात लिहिलेलं नव्हतं.

आरोग्य केंद्राच्या टाकीतून त्यांनी बादलीभर गप्पी आणले. मोठ्या झाडांच्या पोटात दोन-दोन, मधल्यांत एकेक सोडला. अगदी लहानग्यांच्या पोटात चमचाभरच पाणी, त्यात माशाचं तोंड भिजलं तर शेपटी कोरडी राहायची. तिथे त्यांनी रोज स्वतः फडक्याने टिपून घ्यायचं ठरवलं. उरलेले तीन मासे आणि अर्धी बादली पाणी न्हाणीच्या मागे ठेवलं, कारण गप्पीला नवं पाणी सोसत नाही, वरून घालायला जुनं लागतं. मग लाल रंगाचा डबा काढून पडवीच्या खांबावर आणि बादलीवरही ठळक लिहिलं, 'हे पाणी ओतू नये. आज्ञेवरून, आरोग्य विभाग.'

मैनावहिनींनी ते दोनदा वाचलं. "म्हणजे शनिवारीसुद्धा नाही?"

"शनिवारी नाही, रविवारी नाही. ओतायचं नाही म्हणजे नाही."

"बरं," मैनावहिनी म्हणाल्या.

पहिले दोन दिवस महिपतराव हवेत होते. तिसऱ्या दिवशी मासे हवेत गेले. गप्पीला उडी मारायची खोड असते हे त्यांना माहीत होतं, पण विहिरीतून उडालेला गप्पी विहिरीतच पडतो, झाडातून उडालेला कुठेही पडतो. एक रांगोळीत सापडला, एक चपलेत. एक शेजारच्या झाडात पडून तिथल्यांशी मारामारी करायला लागला. मैनावहिनी चहाची गाळणी घेऊन पडवीत बसून असायच्या आणि खाली पडेल त्याला उचलून ज्याच्या त्याच्या घरी पोचवायच्या. मग कपडे वाळत घालायच्या दोरीवर खंड्या येऊन बसायला लागला. खाडी सोडून हा पक्षी आपल्या पडवीत काय करतोय, हे महिपतरावांना आधी कळेना. कळलं तेव्हा तो चौथा मासा गिळत होता. त्याला हाकलायला त्यांनी रेनकोट काठीला अडकवून उभा केला. खंड्या त्या काठीवर बसला.

आणि मग सायेब आला. त्याने आधी न्हाणीच्या मागे जाऊन काय केलं ते त्या वेळी कोणी पाहिलं नाही. पडवीत मात्र तो सरळ गुलाबी तुऱ्याच्या झाडावर चढला आणि मधल्या पेल्यात डोकं खुपसलं. या जातीच्या पानांच्या कडांना करवतीसारखे काटे असतात, आत जाताना लागत नाहीत, बाहेर येताना लागतात. सायेबाने डोकं ओढलं, आलं नाही. जोर लावला तसं झाड कुंडीतून सोडणासकट सुटलं आणि सायेबाच्या डोक्यावर फिट्ट बसलं. पुढचं दिसेना तेव्हा त्याने सगळी मांजरं करतात तेच केलं, घराकडे पळत सुटला.

गुरुप्रसादभाऊ घरापुढच्या खळ्यात आरामखुर्चीवर पेपर वाचत होते. त्यांनी नजर वर केली तर समोरून एक झाड धावत येत होतं. गुलाबी तुरा, हिरवी पानं, खाली चार पाय. भाऊंनी तीस वर्षं एसटीच्या गाड्या सोडल्या होत्या, पण असं काही वेळापत्रकात कधी आलं नव्हतं. ते खुर्चीवर उभे राहिले, खुर्ची मिटली आणि त्यांच्यासकट खाली बसली. आरडाओरडा ऐकून मैनावहिनी धावत आल्या. त्यांनी पानं एकेक करून मागे वळवली, सायेबाचं डोकं अलगद सोडवलं आणि त्याच्या ओरबाडलेल्या नाकाला हळद लावली. नंतर चार दिवस रोज संध्याकाळी येऊन लावत राहिल्या. भाऊंनी पहिल्या दिवशी तोंड फिरवलं, दुसऱ्या दिवशी चहा टाकला. चौथ्या दिवशी विचारलं की त्या झाडाला लागलं तर नाही ना कुठे?

एवढ्यावर भागलं असतं तर ठीक. पण गप्पी अंडी घालत नाहीत, पिल्लंच देतात. सोमवारी सकाळी मैनावहिनींनी बघितलं तर लाल पोटाच्या झाडात टाचणीएवढी अठरा पिल्लं फिरत होती आणि त्याच झाडाच्या बुंध्याशी नवं पिल्लूही फुटलं होतं. एका कुंडीत दोन बाळंतपणं. मैनावहिनींनी त्या दिवशी खीर केली.

गुरुवार उजाडला. समितीतर्फे डॉक्टर दीक्षा मोहिते जिल्ह्याहून आल्या, बरोबर कागद धरणारा एक कारकून. गुरुप्रसादभाऊ इस्त्रीचा शर्ट घालून आधीपासूनच पुढच्या खुर्चीवर बसले होते. ग्रामस्थ या नात्याने हजर असल्याचं त्यांनी सांगितलं. डॉक्टरीणबाई कमी बोलणाऱ्या होत्या. हातात टॉर्च आणि लांब दांड्याची पळी. पिंप पाहिलं, कोरडं. फ्रिजमागचा ट्रे पाहिला, घासलेला. ताटल्या पालथ्या. कारकून पुढे 'नाही, नाही, नाही' लिहीत होता. मग त्या पडवीत आल्या. भाऊ खुर्चीतून अर्धे उठले.

डॉक्टरीणबाईंनी पहिल्या झाडात टॉर्च मारला, आणि आतून कोणीतरी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी टॉर्च बंद केला, पुन्हा लावला. दुसऱ्या झाडात दोघांनी बघितलं. लाल पोटाच्या झाडात अठरा लेकरं घेऊन एक आई बसली होती.

"शिगवण, हे काय आहे?"

"जे पाणी ओतता येत नाही, त्यात गप्पी मासे, मॅडम," महिपतराव सरळ उभे राहून म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी तेवीसच्या तेवीस झाडं पळीने तपासली. अळी एकातही नव्हती. मग पडवीच्या पायरीवर बसल्या, रुमाल तोंडाला लावला आणि खांदे हलेपर्यंत हसल्या. हसू आवरल्यावर म्हणाल्या की बावीस वर्षं नोकरी करते, पण हे कुठे पाहिलं नाही. महिपतरावांनी आत ओटीवरच्या खिळ्याकडे एक नजर टाकली. भाऊ पुन्हा खाली बसले.

"मासे आणले कशातून?" डॉक्टरीणबाईंनी उठता उठता विचारलं. महिपतरावांनी मोठ्या उत्साहाने त्यांना न्हाणीच्या मागे नेलं.

बादली तिथेच होती. लाल अक्षरं चकचकत होती. आत एकही मासा नव्हता. शेजारी सायेब पंजा चाटत बसला होता. आणि पाण्यात अळ्या होत्या. दोन-चार नाहीत, मोजता येणार नाहीत इतक्या, खालीवर, खालीवर, नुसती जत्रा. कारकुनाने पहिल्यांदाच कागदावरचं पेन उचललं.

महिपतरावांचा चेहरा बघवत नव्हता. एकतीस वर्षांत असं तोंड त्यांनी दुसऱ्यांचं केलं होतं, स्वतःचं कधी झालं नव्हतं. गुरुप्रसादभाऊ पंधरा दिवस या क्षणासाठी इस्त्रीचा शर्ट राखून होते. क्षण आला, आणि भाऊंना त्यात काही गोड लागेना. ते दोन पावलं पुढे झाले.

"बादली आमची," ते म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी बादलीवरची अक्षरं वाचली. "ह्यावर तर आरोग्य विभाग लिहिलंय."

"मासे आमच्या बोक्याने खाल्ले, बाई. बोका आमचा, म्हणजे पुढची अळीपण आमचीच. आमच्या नावावर एक नोटीस आहेच, आणखी एक लावा. आम्हाला त्याची सवय झाली."

कारकून महिपतरावांकडे बघत होता. त्यांनी नुसती मान हलवली असती तरी काम झालं असतं, फोटो खिळ्यावर आला असता. त्यांनी एकदा भाऊंकडे पाहिलं, एकदा बादलीकडे. मग खिशातून नोटीसबुक काढलं.

"बादली माझी," ते म्हणाले. "अक्षर माझं. पाणी मी ठेवलं."

त्यांनी घरमालकाच्या नावापुढे महिपत शिगवण लिहिलं, एकूण भांडी एक, अळी आढळलेली एक. नेहमीप्रमाणे नोटीस मोठ्याने वाचून दाखवली; फक्त 'आपण' म्हणायचं तिथे ते दोनदा अडखळले. मग बादली स्वतः आडवी केली आणि नोटीस स्वतःच्या दाराला चिकटवली.

डॉक्टरीणबाई मैनावहिनींकडे वळल्या. "आणि हे मासे नव्हते तेव्हा? या झाडांत डास होत नव्हते?"

"कसे होतील?" मैनावहिनी म्हणाल्या. "दर शनिवारी एकेकीला आडवं करायचं, पाणी ओतायचं, पोट धुवायचं, नवीन भरायचं. ह्यांनीच भिंतीवर लिहिलंय ना. वाडीत ह्यांचं ऐकणारी मी एकटीच."

महिपतरावांनी तोंड उघडलं. शनिवारी ते सकाळपासून वाडीत कोरडा दिवस समजावत फिरायचे, घरी काय होतं ते त्यांना कुठून दिसणार. "मग मला सांगितलं नाहीस ते?"

"म्हटलं होतं मी बघते."

"आणि ही बादली का नाही ओतलीस?"

"तिच्यावर ओतू नये लिहिलंय," मैनावहिनी म्हणाल्या. "तेही तुम्हीच."

बक्षीस गुहागरच्या सेवकाला मिळालं. महिपतरावांना वाईट वाटलं नाही असं सांगून उगाच खोटं कशाला बोला. दोन दिवस ते नीट जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी कामावर गेले तर वाडीचं काहीतरी बदललं होतं. एरवी त्यांना बघून दारं ओढून घेणारी माणसं आता हाक मारत होती. तुमच्याकडेही सापडली म्हणे, असं म्हणत होती, आणि ते सांगायच्या आधी पिंपाला हात घालत होती. कोरडा दिवस समजावणाऱ्या त्या आजीने तर पिंप आडवं करून त्यांना आत टॉर्च मारायला बोलावलं. मासे पुन्हा केंद्राच्या टाकीत गेले, अठरा लेकरांसकट, आणि मैनावहिनी त्यांना पोचवायला फाटकापर्यंत गेल्या.

नोटीस सात दिवसांनी दारावरून काढायची असते. महिपतराव ती फाडणार तोच मैनावहिनींनी हातातून घेतली, पुठ्ठ्यावर डकवली आणि ओटीवरच्या खिळ्याला लावली. महिपतराव चिडले, हे काय म्हणाले. मैनावहिनींनी सांगितलं की भिंत मोकळी बरी दिसत नाही, आणि हिच्यावर तारीखसुद्धा आहे.

त्या शनिवारी महिपतराव गुरुप्रसादभाऊंकडे तपासणीला गेले. गणपतीनंतर पहिल्यांदाच. निळं पिंप न्हाणीशी पालथं घातलेलं, घासून लख्ख. त्याच्या बाजूला सावलीत, नव्या कुंडीत, सायेबाच्या डोक्यावर बसून आलेलं झाड होतं. समिती गेल्यावर मैनावहिनींनी ते भाऊंनाच देऊन टाकलं होतं. तुरा थोडा वाकडा झाला होता, पण बुंध्याशी बोटभर पिल्लू फुटलं होतं. मधल्या पेल्यात पाणी चमकत होतं. महिपतरावांचा हात सवयीने टॉर्चकडे गेला.

भाऊ मध्ये येऊन उभे राहिले. "महिपत, पिंप बघ, न्हाणी बघ, पाहिजे तर सायेबाच्या वाटीत बॅटरी मार. हिला हात लावायचा नाय. बाळंतीण हाय."

महिपतरावांनी टॉर्च खिशातच ठेवला. "पाणी कधी बदललं?"

"सकाळीच," भाऊ म्हणाले. "शनिवार ना आज?"

महिपतराव ओट्यावर टेकले. भाऊंनी आतून पाण्याचा पेला आणून पुढे केला. महिपतरावांनी तो घेतला आणि आत न बघता घटाघटा पिऊन टाकला.